सारखं करायचं, पण कुणासारखं?

बुधीमावशी,

तुला जाऊन आज चाळीस दिवस झाले. तुमच्या वाडीत दिवसकार्य केव्हाच उरकलं, पण आमच्यात चाळिसावा करतात, म्हणून मी आपली माझ्या घरच्या मोजणीने दिवस मोजत बसले. आई म्हणाली, "ती आपल्यातली कुठे होती?" मी म्हटलं, मोजायला कुणाची परवानगी लागते का? सकाळी गोड भात केला आणि तो डब्यात घालून दुकानात आणला. आता दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलंय. झेरॉक्सवाले येऊन परत जातायत, जाऊ देत.

कशी गेलीस, कोण कोण आलं, ते काही लिहीत नाही. तुला ते ठाऊक असायची गरज नाही आणि मला त्यात रमायचं नाही. मला तुला काल कचेरीत काय झालं ते सांगायचं आहे. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पण त्याच्याआधी आपलं भांडण येतं, आणि भांडण टाकून नुसतं कालचं सांगितलं तर तूच म्हणशील, जुलेखा, मधलंच काय सांगत्येस.

तू पहिल्यांदा दुकानात आलीस तेव्हा डोक्यावर रिकामी पाटी होती. पळसदरीच्या धरणावर शनिवार-रविवार जी मंडळी येतात त्यांना करवंदं विकून तू थेट इकडे आली होतीस. हाताची बोटं जांभळी झालेली. कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले चार कागद काढलेस आणि माझ्या काउंटरवर ठेवलेस. म्हणालीस, "कचेरीतल्या भाऊसायबानं सांगितलंय, नावं सारकी करून आन. तू करतेस ना गं सारकी?"

मी करते. कर्जतच्या कचेरीच्या रस्त्यावर गेली वीस वर्षं मी तेच करतेय. फॉर्म भरणं, फोटो काढणं, लॅमिनेशन हे सगळं वरवरचं. माझ्याकडे येणाऱ्या दहा माणसांतली सात कुणाच्या तरी "सारखं करून आणा" या शब्दांनी परत पाठवलेली असतात. इथे काना जास्त, तिथे आडनावाला एकार, कुठे बापाचं नाव मुलाच्या जागी. मी सगळ्यांना रांगेत उभं करते आणि एकमेकांसारखं करून टाकते. चौक गावात आमच्या अब्बांचं पंक्चरचं दुकान होतं, ते गाड्यांच्या चारी चाकांत हवा सारखी भरायचे. मी म्हणायचे, मीही तेच करते, फक्त हवेच्या जागी अक्षरं.

तुझे चार कागद मी ओळीने मांडले. आधारवर तू होतीस बुद्धीबाई. रेशनकार्डावर सुधा. मतदानाच्या कार्डावर बुधाबाई. आणि वनहक्काच्या यादीत, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिथे नुसती बुदी. मला हसू आलं. "मावशी, एवढी बुद्धी असून चार नावं?" मी म्हटलं. तू काही हसली नाहीस. म्हणालीस, "बुद्धी नाय गं. बुधी. बुधवारची हाय मी."

मग तू सगळं सांगितलंस. डोंगराच्या उतारावरचा तो नाचणी-वरीचा तुकडा तुझ्या सासूपासून तुमच्याच हातात. नवरा गेल्यावर तू एकटीने कसलास. गावाने दावा मंजूर केला होता, वरूनही मंजूर झाला होता, फक्त दाखला हातात पडत नव्हता, कारण यादीतली बुदी आणि आधारवरची बुद्धीबाई ही एकच बाई आहे हे कुणी मानायला तयार नव्हतं. आणि तुझी गोमी नवऱ्याचं घर सोडून परत आली होती. माथेरानला हॉटेलात भांडी घासायला जायची. तू गेल्यावर तो तुकडा गोमीचा व्हावा एवढंच तुला हवं होतं. दाखला नसेल तर तुझ्यामागे तिला त्या उतारावर कुणी उभंही राहू देणार नव्हतं.

"सोपं आहे," मी म्हटलं. "आधारवर बुद्धीबाई आहे ना, बाकीची तिन्ही त्याच्यासारखी करून टाकू."

तू कागदांकडे बघितलंस. वाचता येत नव्हतं तरी बघितलंस. मग मला विचारलंस, "सारकं करायचं, पन कुनासारकं?"

"आधारसारखं."

"त्यो कोन?"

तोवर इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. खरं सांगायचं तर मीही तो स्वतःला कधी विचारला नव्हता. आपण रोज हा शब्द कितीदा वापरतो बघ. पदर सारखा कर, चादर सारखी कर, केस सारखे करून ये. सारखी काय कटकट लावलीस. दोघी बहिणी अगदी सारख्या. पहिल्या तिन्हींत म्हणजे नीट कर, चौथ्यात म्हणजे थांबायचं नाव नाही, आणि पाचव्यात म्हणजे एकीत आणि दुसरीत फरक नाही. एकच शब्द तीन कामं करतो आणि आपण कधी अडखळत नाही. चादर सारखी कर म्हटल्यावर कुणी विचारत नाही, कुठल्या चादरीसारखी. पण कचेरीतल्या माणसाने सारखं म्हटलं की त्याला नीट म्हणायचं नसतं. त्याच्याकडे आधीच एक नाव असतं आणि उरलेल्यांनी त्याच्यासारखं व्हायचं असतं. ते नाव कुणी ठरवलं, हे तो सांगत नाही. तू नेमकं तिथे बोट ठेवलंस आणि मी तुला म्हटलं, "मावशी, कामाचं बोल."

इथून आपलं भांडण सुरू झालं. तू म्हणायचीस, चारी नावं बुधीसारखी कर. मी म्हणायचे, बुधी कुठल्याच कागदावर धड नाही, पुरावा कुठून आणू? यादीत बुदी आहे, त्यालाही ध नाही. आधार बदलायचं म्हणजे वेगळी दगदग, प्रतिज्ञापत्र, गॅझेट, फेऱ्या. मी तुला एक प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं, 'बुद्धीबाई, सुधा, बुधाबाई व बुदी या सर्व नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.' तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "येका लुगड्यात चार बायका बसवल्यास गं." त्या दिवशी आपण दोघी हसलो. त्यानंतर बरेच दिवस हसलो नाही.

कारण मी काय केलं ते तुला माहीत आहे. तरी आज लिहून टाकते. मला वाटलं, म्हातारी हट्टाने आपलंच नुकसान करतेय. तुझ्या भल्याचं मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, हे मी मनातल्या मनात ठरवून टाकलं. रेशनकार्ड दुरुस्तीच्या फॉर्मवर मी बुद्धीबाई लिहिलं. तुला सांगितलं, "नाव नीट करतेय, अंगठा दे." नीट म्हटलं, कुणासारखं ते म्हटलं नाही. तू विश्वासाने शाई लावून घेतलीस आणि दिलास अंगठा. कार्ड आलं तेव्हा मी ते खुशीत तुझ्या हातात ठेवलं. घरी गोमीने वाचलं.

दुसऱ्या दिवशी तू आलीस. दुकानात माणसं होती, पण तू वाट बघितली नाहीस. काउंटरवर कार्ड ठेवलंस आणि म्हणालीस, "माजाच आंगठा घेऊन माजंच नाव मोडलंस."

मी माणसांसमोर लाजले, आणि लाजलं की मला राग येतो, तो माझा स्वभाव. मी म्हटलं, "नावाने पोट भरत नाही मावशी. दुकानदार बोट लावायला सांगेल आणि दोन्हीकडे नाव जुळलं नाही तर धान्य बंद होईल, मग माझ्याकडेच रडत येशील." तू म्हणालीस, "रडायला मी तुज्याकडं नाय येनार." आणि खरंच आली नाहीस. सगळा पावसाळा तू माझ्या दुकानावरून गेलीस, डोक्यावर रानभाजीची पाटी, कधी शेवळं, कधी कंटोळी, आणि मान वळवून सुद्धा बघितलं नाहीस. मी काउंटरमागून बघत राहायचे. एकदा तर मी मुद्दाम बाहेर उभी राहिले. तू रस्ता ओलांडून पलीकडून गेलीस. इतकी वर्षं लोक माझ्या दुकानासमोर रांग लावत आले, आणि एक बाई रस्ता ओलांडते म्हणून मला जेवण जाईना.

दिवाळीनंतर तू आपणहून आलीस. नाचणी झोडून झाली होती, हातांना भेगा पडल्या होत्या. बसलीस, पाणी मागितलंस, प्यालीस. मग जणू आपण कालच बोलत होतो अशा सुरात म्हणालीस, "जुलेखा, तू खळं कवा सारकं केलंयस?"

मी म्हटलं, मी कशाला खळं करायला जाते.

"मंग आयक. खळं सारकं करायचं तवा उच्चीवरची माती खोलात येती. खोलातली माती उच्चीवर नाय जात. कळलं का? सारकं करायचं तर वरच्यानं खाली यायचं असतं. तुजं आधार वर बसलंय. त्याला सांग, जरा खाली ये."

मावशी, मी बारावी झालेली बाई. शब्दकोश आहे माझ्याकडे, फॉर्ममधले जड शब्द लोकांना समजावून सांगायला घेतलेला. पण सारखं या शब्दाचा हा अर्थ त्यात नव्हता. मी म्हटलं, "बरं. करू." दोनच शब्द. त्यात मला माफ कर म्हणायचं होतं, ते राहिलं.

मग खरी लढाई सुरू झाली आणि सांगते, ती करताना मला जी मजा आली ती त्याआधी कधी आली नव्हती. पहिल्यांदा आधारच्या केंद्रावर गेलो. तिथे मशीनवर तुझा अंगठा ठेवला आणि पडद्यावर आलं, 'प्रमाणीकरण अयशस्वी'. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. डोंगरावर दगड उचलून, भारे बांधून तुझ्या बोटांवरच्या रेषा घासून गेल्या होत्या. तू विचारलंस, काय म्हनतंय. मी म्हटलं, "तू तूच आहेस हे त्याला पटत नाहीये."

"त्याला मी कवा ठाव व्हते?" तू म्हणालीस. केंद्रावरचा माणूस हसला आणि त्याने डोळ्यांचं मशीन काढलं. तुझ्या डोळ्यांना मात्र मशीन नाही म्हणू शकलं नाही.

घरी येऊन मी कोश उघडला. प्रमाणीकरण. एक अर्थ, खरं आहे असं ठरवणं. दुसरा अर्थ, एकसारखं करणं. एकाच शब्दाच्या पोटात दोन्ही. म्हणजे जे इतरांसारखं नाही ते खरं नाही, असं तो शब्दच म्हणतोय की काय, असं वाटून मी कोश मिटला. तुला हे सांगितलं तर तू म्हणालीस, "तुमचे शब्द लई खातात गं. येकाच्या पोटात दोन." आणि चहात पाव बुडवलास.

आता पुरावा. बुधी नावाचा कागद नाही, तर माणसं आहेत, असं तू म्हणालीस. वाडीची ग्रामसभा होती, वडाखाली. तू मलाही बोलावलंस. मी स्कूटीवरून गेले, शेवटचा चढ चालले. घाम गाळत पोचले तर ग्रामसेवक खुर्चीवर बसलेले, समोर वाडीतली माणसं. तू उभी राहिलीस. ग्रामसेवकांनी विचारलं, "काय म्हणणं आहे?" तू म्हणालीस, "मी कोन हाय ते यांना इचारा."

त्यांनी विचारलं. पहिला बोलला तो तुमचा तो कानाने अधू म्हातारा, त्याला ओरडून सांगावं लागलं. तो काठीवर उठला आणि म्हणाला, "हिच्या लग्नात तांदूळ टाकलं मी. तवाबी बुधी, आताबी बुधी. दुसरी कोन व्हनार?" मग एक बाई, मग दुसरी. तुझ्यापेक्षा मोठी एक होती, ती म्हणाली, बुधवारी बाजार असायचा, हिची आय बाजारला गेली नाय त्या दिशी ही झाली, म्हून बुधी. कुणी म्हणालं बुधी, कुणी बुधे, कुणी बुधीबाय, लहान पोरींनी बुधीआजी म्हटलं, पण सगळ्यांच्या तोंडात ध होता. मी वहीत नावं लिहून घेत होते. एवढे सगळे लोक एकच गोष्ट सांगतायत, आणि त्यांतल्या एकालाही ते सारखं बोलायला कुणी शिकवलेलं नाही. ठराव झाला. सगळ्यांनी अंगठे दिले, सह्या केल्या.

आणि तिथून निघणार तोच तुझ्या मागच्या बायका पुढे आल्या. "आमचंबी बग की." झिपरीचं दीपाली झालं होतं. सोमीचं सोनाली. एका वाळकीला मास्तरांनी वैशाली करून टाकलं होतं. तिला ते आवडत होतं, तिने तसंच ठेवायला सांगितलं, आणि तू त्यावरही मान डोलावलीस. "तिची मर्जी. तिला इचारलं ना? झालं." मला तेव्हा कळलं, तुझं भांडण ध साठी नव्हतं. विचारण्यासाठी होतं.

दीड वर्ष गेलं. गॅझेट, आधार, मग बाकीचे कागद एकामागून एक. प्रत्येक कागद आला की मी तुला निरोप पाठवायचे. शेवटचा वनहक्काचा दाखला. तो तू घेऊन माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, "दाव, कुटं हाय मी." मी बोट ठेवलं. तू त्यावर आपलं बोट ठेवलंस, त्याच घासून गेलेल्या बोटाने चाचपलंस.

"यवढंच?"

"एवढंच. दोन अक्षरं."

"दोन अक्षरांसाठी यवढी वरसं जीव खाल्ला यांनी," तू म्हणालीस, आणि मग अशी हसलीस की शेजारच्या चहावाल्याने डोकं आत घातलं. मी तुझा फोटो काढला त्या दिवशी, फुकट. तू दाखला छातीशी धरलायस आणि तोंड उघडं आहे, दात दिसतायत. हा फोटो मी दुकानात लावणार नाही, तू काही जाहिरात नव्हतीस. पण माझ्याकडे आहे.

आता न संपलेलं भांडण. मला ते संपवायचंही नाही. मी अजूनही लोकांना सांगते, आधी धान्य सुरू राहू दे, नावाचं नंतर बघू. आधारवर बुधी झालं आणि रेशनकार्डावर बुद्धीबाईच होतं, त्या मधल्या काळात तुझा धान्याचा घोळ झाला होता, तीन महिने तू कंद खाऊन काढलेस, मी बघितलंय. 'मी म्हणाले होते ना' असं म्हणायला मी तेव्हा आलेही होते, पण तुझ्या चुलीवरचे कंद बघून चुलीपाशी बसले. तू म्हणालीस, "खा गं, चांगलं लागतं." लागत होतं. पण सगळ्यांना तुझ्यासारखी भूक सोसत नाही मावशी. ज्यांच्या घरी लहान पोरं आहेत त्यांना मी कसं सांगू, नावासाठी थांबा? तू म्हणायचीस, थांबू नको म्हन, पन आधी इचार तरी. इथपर्यंत आपलं एकमत झालं होतं. पुढचं राहिलं. मी विचारते आता, प्रत्येकाला. तुझी आई तुला काय हाक मारते, तुझं तू काय म्हणतेस, कुठलं लिहू. काम हळू होतं, रांग वाढते, लोक कुरकुरतात. मला त्याचा त्रास होतो आणि अभिमानही वाटतो.

आणि राहिलेलं ते माफ कर. तुझ्या अंगठ्याची शाई मी माझ्या चुकीसाठी वापरली. मी तुला हे सांगायला तीनदा निघाले आणि तिन्ही वेळा तू मधेच काहीतरी दुसरं बोलून टाकलंस, मला वाटतं मुद्दाम. तुला नको होतं माझं रडगाणं. म्हणून इथे लिहिते, वाचणारे वाचतील. तू जर माझ्या दुकानात आली नसतीस तर मी आणखी वीस वर्षं लोकांची नावं कापून-शिवून एका मापाची करत बसले असते आणि स्वतःला हुशार समजले असते.

आता कालचं.

तुझ्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव बरोबर आलं, बुधी. तो घेऊन गोमी आणि मी कचेरीत गेलो, तुकड्यावर वारस म्हणून तिचं नाव लावायला. टेबलामागे तेच भाऊसाहेब, ज्यांनी तुला पहिल्यांदा माझ्याकडे पाठवलं होतं. केस पिकलेत त्यांचे. त्यांनी तुझे सगळे कागद घेतले आणि एकेक करून उलटले. आधार, बुधी. रेशन, बुधी. मतदान, बुधी. वनहक्काचा दाखला, बुधी. चष्मा वर केला, खाली केला, परत पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांच्या हाताला अडवायला काही लागत नव्हतं आणि मला इतका आनंद होत होता की मी गोमीचा हात दाबून धरला होता. शेवटी ते म्हणाले, "सगळीकडे एकच आहे की." त्यांचा आवाज जरा हिरमुसलेला होता. मग त्यांनी कोरा फॉर्म ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि गोमीकडे बघून म्हणाले, "तुमचं नाव कसं लिहू?"

मावशी, त्या टेबलावर इतक्या वर्षांत मी "नाव सांगा" ऐकलंय. "नाव काय" ऐकलंय. "कसं लिहू" पहिल्यांदा ऐकलं. तुझ्यामुळे ते विचारायला शिकले की दीड वर्षं तू त्यांना पिडलंस त्याची धास्ती घेतली, ते देव जाणे, अल्ला जाणे. पण विचारलं.

"गोमी," ती म्हणाली.

त्यांनी लिहिलं. ग ला काना-मात्रा, म ला वेलांटी, हळूहळू, तिला दाखवत. "आणि मधलं? आधारवर नवऱ्याचं दिसतंय."

"त्याला मी सोडला."

"मग वडिलांचं लिहू?"

गोमीने माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर आलंच होतं, लिहू दे वडिलांचं, सोपं पडेल, जुळवायला कमी कागद लागतील. वीस वर्षांची सवय आहे. मी ओठ मिटले.

"बुधी लिवा," गोमी म्हणाली. "गोमी बुधी. आनि म्होरं आडनाव."

भाऊसाहेबांचं पेन थांबलं. "आईचं? अहो बाई, तुमच्या आधारवर तसं नाहीये."

गोमी पदर खोचून उभी राहिली, अगदी तुझ्यासारखी.

"नाय ना? मंग थांबा. आधार सारकं करून आनते."